उद्यान म्हटलं की कट्टा आला

"दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा," असं संपादकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा शेजारी बसलेल्या बेगमनं कपाळाला हात लावला. "दिवाळी की किताब में गटार? लोगां फराळ करते करते पढते ना जी!" तिचं म्हणणं खोटं नाही. चकलीचा तुकडा तोंडात असताना कुणाला गटार वाचावंसं वाटेल? पण माझ्यापाशी दुसरं आहे काय? नगरपरिषदेत अभियंता म्हणून लागलो आणि लागल्या लागल्या गटारं गळ्यात पडली, ती निवृत्त होईपर्यंत उतरली नाहीत. गावात शेख आडनावाची घरं रग्गड आहेत, पण रिक्षावाल्याला 'गटारसाहेब' म्हटलं की तो थेट माझ्या दारात आणून सोडतो. सुरुवातीला राग यायचा. मग एकदा कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेवर 'श्री. गटारसाहेब, सहकुटुंब' असं लिहून आलं आणि मी राग सोडला. लग्नाला जाऊन जेवून आलो.

आमचा धंदा समजायला अवघड नाही. पावसाचं पाणी पुढं ढकलायचं, बस्स. तक्रार कुणाचीही असो, मजकूर एकच असतो, 'आमच्या दारातलं पाणी पुढं काढून द्या.' पुढं म्हणजे कुठं, हे मला आजवर एकाही तक्रारदारानं सांगितलेलं नाही. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तालुक्याचं, उतारावर कलंडून बसलेलं. वर नव्या वसाहती, मध्ये बाजार, खाली जुनी आळी आणि आळीच्या पलीकडं ओढा. वरच्याचं 'पुढं' म्हणजे मधल्याचं दार आणि मधल्याचं 'पुढं' म्हणजे खालच्याचं दार. खालच्यानं कुणाच्या दारात ढकलावं? त्याच्या पुढचा ओढा गाळ्यांनी आणि भरावानं असा आवळला गेलाय की मोठ्या पावसात तोच पाणी माघारी पाठवतो.

बाजारातल्या एका कापडवाल्याची गोष्ट सांगतो. दुकानात पाणी येतं म्हणून त्यानं जोतं उचललं. पाणी शेजारच्या टेलरकडं गेलं. टेलरनं त्याहून उंच जोतं बांधलं. मग पाणी गेलं भांडेवाल्याकडं, तो दोघांचा बाप निघाला. असं करत करत सगळी ओळ वर चढली आणि एके दिवशी सगळेच मिळून माझ्याकडं आले. म्हणे, गिऱ्हाइकांना, त्यातून म्हाताऱ्या बायकांना दुकान चढता येत नाही, तेव्हा पालिकेनं रस्ता उंच करून द्यावा! मी त्यांना चहा पाजला. दुसरं काय करणार?

रस्ता मात्र तसाही उंच होतच होता. जुना थर न उकरता त्यावर नवा थर टाकायची रीत सगळीकडं आहे, आमच्याकडंही होती. रस्ता वर आला आणि खालच्या आळीतली घरं जिथल्या तिथं राहिली. पूर्वी ज्या घरांत पायरी चढून जावं लागायचं, त्यांत आता पायऱ्या उतरून जावं लागतं. असलंच एक घर बसप्पांचं.

बसप्पा म्हणजे मार्केट यार्डातले हमाल. तिकडचे सगळे व्यापारी त्यांना ओळखायचे, कारण तुरीचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना ते गाणं म्हणायचे, कानडीत. मग अर्धांगाचा झटका आला आणि एक बाजू गेली. तेव्हापासून खाट आणि ते. बायको शरणव्वा कडक भाकरी करून विकायची, तुळजापूरच्या लॉजवाल्यांना, पायी जाणाऱ्यांना. घर छोटं, पण लख्ख. रस्त्याच्या कडेला तिनं विटांचा गुडघ्याइतका बांध घातलेला, कारण पाणी त्याच्यावरून आलं तर थांबायला जागाच नाही. पायऱ्यांवरून थेट आत, आणि घराचा हौद.

माझी निवृत्ती जवळ आली होती, त्या सुमारास एका परतीच्या पावसात तसंच झालं. पाणी खाटेच्या विणीला लागलं, तेव्हा आळीतल्या पोरांनी बसप्पांना खाटेसकट उचलून शाळेच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलं. तिथं सगळं गाव येऊन बघून गेलं. कुणी हळहळलं, कुणी फोटो काढले. बसप्पा तोंड भिंतीकडं करून पडून राहिले होते. मी विचारपूस करायला गेलो, तेव्हा जड जिभेनं म्हणाले, "साहेब, खाटेवर घालून मानसाला घरातनं एकदाच काढत्यात. माजं एकदा झालं. आता पुना कुनी हात लावायचा न्हाय. आयुष्यभर म्याच उचललंय. मला कुनी उचलायचं न्हाय."

शरणव्वा मला शाळेच्या पायऱ्यांवर गाठून हळू आवाजात म्हणाली, "भाईसाब, ह्येंची जिद तुमाला म्हाईत न्हाय. फुडच्या टायमाला पानी आलं तर ह्ये उठायचे न्हाईत, आन् म्या ह्येंना सोडून जायची न्हाय. मंग तुमी बघा काय करायचं ते."

एवढं ऐकून मी घरी आलो आणि जेवलो नाही.

त्याच हिवाळ्यात वरून योजना आली. 'हरित पायाभूत सुविधा' असं तिचं भारदस्त नाव. नाव वाचून मला वाटलं, आणखी एक वृक्षारोपण, आणखी एक फोटो आणि उन्हाळ्यात वाळलेल्या काटक्या. पण तिचा आराखडा करायला पुण्याहून अनघा मॅडम आल्या. वय माझ्या लेकीएवढं, पायात बूट, आणि बोलायला सुरुवात केली की थांबायचं नाव नाही. अवकाळी पाऊस आला, त्यात सगळ्या गावातून स्वतः छत्री घेऊन चालल्या. मग माझ्या टेबलासमोर बसून म्हणाल्या, "सर, तुम्ही पाणी पळवता. आपण ते थांबवून बघू या का?"

तीस वर्षं पाणी पळवलेल्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे जिगर लागते. पण त्यांचं गणित सरळ होतं. पाणी जिथं पडतं, तिथंच त्याला जरा बसायला जागा द्यायची. रस्त्याच्या कडेनं, रस्त्यापेक्षा खोल खड्डे घ्यायचे. आमच्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. तळाला दगड, त्यावर वाळू, त्यावर माती आणि मातीत कर्दळ, वाळा, गवती चहा, असली पाण्यालाही न कुजणारी आणि उन्हालाही न मरणारी झाडं. रस्त्याचं पाणी त्यात उतरेल, काही मुरेल, काही उशिरानं पुढं जाईल. आणि वरच्या वसाहतीचा रस्ता जिथं वळून खाली उतरतो, तिथं पालिकेची मोकळी जागा होती. ती पसरट खोल करायची, म्हणजे वरचा सगळा लोंढा त्या वळणावर सरळ आत जाईल. बाकीचे खड्डे नसले तरी चालेल, पण हा हवाच, असं मॅडम पुनःपुन्हा सांगायच्या. हा खड्डा झाला तर बसप्पांच्या दारात पाणी येणार नाही का, असं मी विचारलं. त्यांनी दोनदा आकडेमोड केली आणि म्हणाल्या, "बांधाच्या वर नाही येणार."

लोकांना हे समजावणं हीच खरी कसोटी. नगरपरिषदेला खड्ड्यांवरून शिव्या खायची सवय, आणि आता नगरपरिषदच सांगतेय की तुमच्या दारात खड्डा करून देतो! सभेत एक बाई उभ्या राहिल्या, "इतके दिवस खड्डे बुजवा म्हणून वराडलो, तवा आला न्हाईत. आता खांदायला आलाव व्हय?" सगळा मंडप हसला. मच्छर होतील, पोर पडेल, वास्तूला चालत नाही, गाडी कुठं लावू, असं एकेक सुरू झालं. शेवटी कुणीतरी तोडगा काढला की ठरावात खड्डा हा शब्दच नको. मॅडमच्या इंग्रजी आराखड्यातल्या नावाचं मराठी केलं, 'पर्जन्य उद्यान'. उद्यान म्हटल्यावर सगळ्यांनी हात वर केले. मलाही तेव्हा तो तोडगा झकास वाटला होता.

पावसाळ्याच्या तोंडावर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. म्हणजे नेमकं बघायचं होतं तेव्हाच डोळ्यावर पट्टी. नकाशे दिलेले, खुणा केलेल्या, मॅडमचं दुसऱ्या गावी काम निघालेलं. मी काळा चष्मा लावून कामावर आलो तेव्हा उद्घाटन होऊन गेलं होतं. मुकादम दगडू मला कौतुकानं बघायला घेऊन गेला.

रस्त्याच्या कडेनं रांगेनं विटांचे कट्टे बांधलेले. प्लॅस्टर केलेले, वर लाल-पांढरा रंग. कट्ट्याच्या आत तांबडी माती शिगोशीग भरलेली आणि तिच्यात शोभेची रोपटी. प्रत्येक बाग रस्त्यापेक्षा गुडघाभर उंच! पाणी आत जाणार कसं, उडी मारून? आणि वळणावरच्या मोकळ्या जागेपुढं तर लांबलचक कट्टा, त्याच्या मागच्या कडेला जाळी, मध्यभागी नगराध्यक्षांच्या नावाची संगमरवरी पाटी. आतली जागा खोल केली होती बरं का, अगदी केलेल्या खुणांबरहुकूम. फक्त तिच्यात पाणी जायच्या वाटेवर भिंत घातली होती.

मी दगडूवर ओरडलो. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले, इतका ओरडलो.

"साहेब," तो बिचारा म्हणाला, "कागदावर उद्यान लिवलंय. उद्यान म्हणलं की कट्टा आला, जाळी आली, पाटी आली. आजवर कवा खड्ड्यात बाग केलीय का आपुन?"

त्याचं चुकलं नव्हतं. ठेकेदारानं, मुकादमानं, बघायला आलेल्या साहेबांनी, सगळ्यांनी त्या शब्दाचा तोच अर्थ घेतला, जो आमच्या गावात आहे. नकाशा कुणी उलगडलाच नाही. मी मॅडमना फोन केला. त्यांनी कट्ट्यांची उंची विचारली, रस्त्याची उरलेली रुंदी विचारली. मग म्हणाल्या, "सर, हे आधीपेक्षा वाईट झालंय. रस्ता अरुंद झाला, पाणी आणखी जोरानं खाली जाईल."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मृगापासून पावसाचे शिंतोडेच होते, मोठा पाऊस असा झाला नव्हता. आमच्याकडं खरा पाऊस हस्तात होतो. हत्तीनं सोंड फिरवली की एका दुपारीत वर्षाचा हिशेब चुकता करतो. तेवढीच काय ती मुदत होती.

मी कट्टे फोडायला काढले. उद्घाटन झालेली बाग फोडायची म्हणजे वरिष्ठांचे फोन आले, नोटिशीची धमकी आली. मी म्हटलं, द्या. निवृत्तीला आलेल्या माणसाला नोटिशीचं भय घालणं म्हणजे निघालेल्या पाहुण्याला जा म्हणण्यातला प्रकार. पण खरी अडचण दारांतल्या लोकांची होती. त्यांना बाग आवडली होती. पुन्हा खड्डा म्हटलं असतं तर काठ्या घेऊन उठले असते. विचार करत होतो आणि एका दारात एक सूनबाई जास्वंदीच्या बुडाशी खुरप्यानं माती मागं ओढून गोल करत होती. मी विचारलं, काय चाललंय? "आळं करतेय," ती म्हणाली, "न्हाईतर पाणी वाहून जातंय की."

इतके दिवस जो शब्द आम्ही सगळे शोधत होतो, तो दारोदारी होता. मी खड्डाही म्हणायचं सोडलं आणि उद्यानही. "रस्त्याला आळं करायचंय," एवढंच सांगायला लागलो. आळं उंच असतं का? नसतं. आळ्याला कट्टा असतो का? पाणी कसं येईल मग? बायकांनीच नवऱ्यांना गप्प केलं. दगडूनंसुद्धा पहार हाणताना कपाळावर हात मारून घेतला, "आवो, आळं म्हणायचं की मंग पयल्यापासून!" एकेक कट्टा फुटला, माती निघाली, दगड-वाळू भरली. उतारावरचं एकूण एक आळं तयार झालं.

राहिला तो वळणावरचा. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात महत्त्वाचा.

तो कट्टा माने गुरुजींच्या घरासमोर होता. गुरुजी मराठीचे शिक्षक, अर्ध्या गावानं त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या, त्यांत नगराध्यक्षही आले. मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेखसाहेब, आळं झाडाला करतात. रस्त्याला आळं असतं, असं मी तरी कुठल्या कोशात वाचलेलं नाही."

मी चिडलो. म्हटलं, कोशात नसेल, पण पाणी कोश वाचून वाहत नाही. ते हसले नाहीत. कट्ट्याकडं बघत वेगळ्याच आवाजात म्हणाले, "ही गेली तेव्हापासून संध्याकाळ खायला उठायची. मुलं बाहेरगावी. कट्टा झाला आणि माझ्याच वयाची माणसं इथं येऊन बसायला लागली. दिवे लागेपर्यंत बोलतो आम्ही. तुम्ही म्हणता एवढंसं फोडू. फोडल्यावर जाळी जाईल, बसायचं जाईल, ते यायचे बंद होतील. माझं वय झालंय. आता दुसरीकडं कुठं जाऊन बसू?"

खाली एक म्हातारा खाटेवर आणि वर एक म्हातारा कट्ट्यावर, आणि दोघांच्या मध्ये मी. गुरुजींनी नगराध्यक्षांना सांगितलं आणि नगराध्यक्षांनी मला. काम थांबवा, दिवाळीनंतर बघू. मी म्हटलं, हस्त दिवाळीआधी येतो. ते म्हणाले, शेखसाहेब, सगळंच कसं तुमच्या मनासारखं होईल?

नवरात्र बसलं. तुळजापूरच्या रस्त्यानं पायी जाणाऱ्यांची रीघ लागली. पालिकेची माणसं, टँकर, जेसीबी, सगळं त्या रस्त्याच्या बंदोबस्ताला गेलं. अशात एका दुपारी नळदुर्गच्या बाजूनं आभाळ काळंनिळं होऊन आलं आणि वारा एकदम पडला. मी छत्री न घेताच खालच्या आळीकडं पळालो.

पाऊस असा आला की समोरचं घर दिसेना. सुरुवातीला उतारावरच्या आळ्यांनी पाणी घेतलं. मी डोळ्यांनी बघत होतो, कर्दळीच्या पानांखाली पाणी गोल फिरून आत उतरत होतं. पण वळणावरून येणारा लोंढा एवढंसं आळं किती पिणार? एकेक भरलं, काठोकाठ झालं आणि तांबडं पाणी वरून सरळ खालच्या आळीत उतरायला लागलं.

बसप्पांच्या दारात पोचलो तेव्हा शरणव्वा बांधाला वाळूची पोती लावत होती. आळीतली माणसं जमली होती. बांधाच्या अर्ध्यावर पाणी होतं. बघता बघता वरच्या विटेच्या खाली आलं.

मी पायऱ्या उतरून आत गेलो. "बसप्पा, उठा. आता हट्टाची वेळ नाही."

"न्हाय."

"पाणी आत आलं तर आम्हाला उचलायलाही वेळ मिळणार नाही."

"हात लावला तर बगा," बसप्पा म्हणाले आणि धड असलेल्या हातानं त्यांनी खाटेची कडेची पाटी धरली. शरणव्वा दारातून कानडीत ओरडली, "सुम्निर्री!" म्हणजे गप बसा. ते गप बसले, पण पाटी सोडली नाही. तिनं मग पदरानं तोंड पुसलं, आत आली आणि खाटेशेजारी जमिनीवर बसली. उठवायला गेलो तर म्हणाली, "भाईसाब, म्या आदीच सांगितलं हुतं."

अशी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. जबरदस्तीनं उचलावं तर त्या माणसाचं उरलंसुरलं सगळं जाणार होतं, आणि न उचलावं तर दोघंही. मी पायरीवर उभा राहून माने गुरुजींना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. आवाज प्रसन्न होता.

"शेखसाहेब, काय पाऊस आहे हो! पण बघा, आमच्याकडं थेंबभर साठलेलं नाही. कसं झरझर वाहून जातंय सगळं."

"गुरुजी, ते इथं साठतंय."

"इथं म्हणजे?"

"खालच्या आळीत. बसप्पांच्या दारात उभा आहे मी."

"कोण बसप्पा?"

गावात सबंध आयुष्य काढलेला माणूस मला विचारत होता, कोण बसप्पा. मी सांगितलं. हमाल होते. अंगावरून वारं गेलंय. खाटेवर आहेत, कुणाला उचलू देत नाहीत. बायको पायाशी बसलीय, तीही हलत नाही. आणि बांधाची एक वीट उरलीय. तुमच्या दारासमोरून जे झरझर जातंय ना, तेच सगळं आहे हे. कट्टा फुटला तर ते शेजारच्या मोकळ्या जागेत जाईल. माझ्याजवळ माणूस नाही, जेसीबी नाही, आणि मी इथून हलू शकत नाही.

मग फोन बंद पडला. पुन्हा लावला तर लागेना. त्यांनी ठेवला, की टॉवर गेला, मला कळायला मार्ग नव्हता.

मग फक्त बघत राहायचं उरलं. पोत्यांच्या फटीतून पाणी झिरपून पायरीवर ओघळायला लागलं. दोघं दणकट पोरं माझ्या मागं येऊन उभी राहिली, कुजबुजली, "साहेब, उचलू का?" मी हातानं थांबवलं. का थांबवलं, आजही सांगता यायचं नाही. वरची वीट ओली झाली. पाणी तिच्या माथ्यावर आलं, एक पातळ चादर आत सांडली आणि पायऱ्यांवरून घरात धावली. शरणव्वानं डोळे मिटले. मी पोरांना म्हटलं, "चला."

आम्ही खाटेला हात घालणार, तेवढ्यात बांधावर उभा असलेला एकजण ओरडला, "थांबा! थांबा, उतरलंय!"

मला खरं वाटेना. वर येऊन बघितलं. पाऊस तसाच कोसळत होता, पण वीट पुन्हा दिसत होती. पाणी बोटभर खाली गेलं, मग वीतभर. वरून येणारा लोंढाच कुणीतरी अर्ध्यात तोडल्यासारखा बारीक झाला. मी तिथंच रस्त्यावर पाण्यात बसलो आणि रडलो. लोकांनी बघितलं, बघू देत.

पाऊस ओसरल्यावर मी वळणाकडं चढलो. मोकळी जागा तळ्यासारखी भरली होती. कट्ट्याला मधोमध दांडगं भगदाड, जाळी वाकलेली, संगमरवरी पाटी पालथी. आणि समोर गुरुजींच्या ओसरीवर कट्ट्यावर बसणारी सगळी म्हातारी मंडळी, नखशिखान्त भिजलेली, टॉवेल गुंडाळून चहा पीत. पहार भिंतीला टेकवलेली. एकाच्या तळव्याला मोठा फोड आला होता आणि तो दुसऱ्यांना तो दाखवत होता. मी विचारलं, हे तुम्हाला जमलं कसं? गुरुजी म्हणाले, "पावसानं सगळे इथं ओसरीवरच अडकलो होतो. दुसऱ्या-तिसऱ्या घावालाच विटा सुटल्या हो. सिमेंट घातलेलंच नव्हतं." ठेकेदाराची लबाडी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडली. त्याचं बिल रोखायचं माझ्या मनात होतं, ते मात्र मी रोखलंच.

पुढं नगराध्यक्षांनी त्या तळ्यापुढं उभं राहून फोटो काढून घेतला, मॅडम येऊन तळ्यात हात घालून बघून गेल्या, आणि बाजारातल्या आळ्यांवर मी निवृत्त झाल्या झाल्या लोकांनी फरश्या टाकून गाड्या लावल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं. कुणाला सांगायला गेलं तर म्हणतात, साहेब, आता कुठं पाणी येतंय? म्हातारी मंडळी मात्र अजून संध्याकाळी वळणावर येतात, आता गुरुजींच्या ओसरीवर बसतात.

पण मला सांगायचं आहे ते पावसानंतरच्या सकाळचं. गुरुजी धुतलेलं धोतर नेसून माझ्या घरी आले. म्हणाले, "मला त्या घरी न्या."

आम्ही उतार उतरून गेलो. आळीत चिखल होता, गुरुजींनी धोतर वर धरलं होतं. शरणव्वाच्या पायऱ्या ते भिंतीला हात लावून एकेक करून उतरले. आत भुई नुकतीच पुसलेली, ओली. बसप्पांनी मान वळवून बघितलं. मी ओळख करून दिली, हे माने गुरुजी, वरच्या वळणावर राहतात. गुरुजींना बोलायचं होतं, पण त्यांना शब्द सापडेना. मराठीचे मास्तर, आणि हात जोडून नुसते उभे.

बसप्पांनी त्यांच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बघितलं. मग धड हातानं त्यांनी खाटेवरची वाकळ थोडी मागं सारली, जागा केली.

"लई वर्सं तुमचं पानीच येत हुतं, गुर्जी," ते म्हणाले. "आज तुमी आलाव. बसा."